तव्यावरचा उजेड

पद्माकरराव गुंजाळांनी बायकोच्या डोशाच्या तव्यावर पहिल्यांदा एलईडी भाजला, त्या रविवारी घरात डोसे झाले नाहीत.

तसं त्यांचं काम शास्त्रशुद्ध होतं. साबुदाण्याच्या दाण्याएवढी एलईडीची चिप तांब्याच्या चकतीवर बसवायची, तर खालून सावकाश आणि सगळीकडे सारखी आच लागते. चकतीला करडी सोल्डर पेस्ट लावायची, वर चिमट्याने अलगद चिप ठेवायची आणि चकती तापू द्यायची. पेस्ट वितळली की चिप बसली. घरात अशी आच देणारी वस्तू एकच होती आणि ती विनयाबाईंनी बारा वर्षं तेल पाजून तयार केलेली होती. त्या अंघोळ करून आल्या, तेव्हा तव्यावर रुपयाएवढ्या तीन चकत्या होत्या आणि नवरा वाकून त्यांच्याकडे बघत होता.

“काय करताय?”

“भाजतोय.”

“काय?”

“दिवे.”

पेस्टमध्ये शिसं असतं, हे पद्माकररावांनी स्वतःहून, प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिथेच चुकलं. शिसं लागलेला तवा आता स्वयंपाकात चालणार नव्हता. विनयाबाईंनी तो फडक्याने उचलला, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, “आता हा तुमचा. तुम्हीही इथेच राहा.”

बाल्कनीत ते तसेही राहतच होते. संगमनेरहून नोकरीसाठी दिल्लीला आलेला हा माणूस तीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली पुढे सरकवून आता अंडर सेक्रेटरी झाला होता. आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर, वॉशिंग मशीन आणि कोथिंबिरीच्या कुंडीच्या मधल्या जागेत, त्यांनी एक टेबल टाकलं होतं. ऑफिसातून आले की चहा घ्यायचा आणि तिथे बसायचं. बाजारातून अंगठ्याएवढे टॉर्च आणायचे, ते उघडायचे, कंपनीने घातलेला दिवा उपटायचा आणि त्याजागी आपल्या पसंतीचा बसवायचा. स्प्रिंगला तांब्याची तार जोडायची, म्हणजे वीज अडखळत नाही. डोकं डिंकाने चिकटवलेलं असेल, तर मुलीच्या हेअर ड्रायरने शेकायचं. हे सगळं कशासाठी, तर त्याच अंगठ्याएवढ्या टॉर्चचा उजेड आणखी लांब आणि आणखी प्रखर पडावा म्हणून.

“असले टॉर्च तयार मिळतात की,” असं कोणी म्हणालं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “तयार पोळ्यासुद्धा मिळतात.”

त्यावर लोक हसून विषय बदलत. फक्त विनयाबाई म्हणत, “मग त्या तरी करा.”

गेल्या वर्षभरात मात्र काहीतरी बिनसलं होतं. चार टॉर्चमागे एखादाच धड पेटायचा. चिप उलटी लागायची, पेस्ट भलतीकडे पसरायची, तारेचा जोड कच्चा राहायचा. पद्माकररावांनी कारणं शोधून ठेवली होती. सोल्डरची तार हल्ली पूर्वीसारखी येत नाही. दिल्लीच्या व्होल्टेजचा भरवसा नाही. आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्या बसचे दिवे अंगावर आल्यासारखे फुटतात, याचा अर्थ बसवाल्यांनीही दिवे बदलून घेतलेत. अख्खं शहरच या नादाला लागलंय. चष्म्याच्या वर त्यांनी एक भिंग घेतलं, मग त्याहून मोठं भिंग घेतलं, आणि तरीही नीट दिसेना तेव्हा टेबलावर आणखी एक दिवा लावला.

अशात एक पार्सल आलं. त्यांनी नेहमीच्या शुभ्र चिप मागवल्या होत्या. विकणाऱ्याने त्या संपल्याचं कळवून दहा वेगळ्याच चिप पाठवल्या होत्या आणि सोबत चिठ्ठी: या चिपच्या उजेडात वस्तूंचे रंग खरे दिसतात, वापरून बघा. पद्माकररावांनी कपाळाला आठ्या घालून एक बसवली. नशिबाने ती लागली. त्यांनी टॉर्च भिंतीवर मारला.

“हा काय उजेड आहे? हळदीचं दूध!”

त्यांची मुलगी शिवांगी गुरुग्रामला एका कंपनीत होती. ती जन्मापासून दिल्लीत वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी मध्येच हिंदीची गल्ली पकडायचं. ती डोकावून म्हणाली, “बाबा, येलो कुठे आहे? बिल्कुल व्हाइट आहे हा. तुझे बाकीचे सगळे ते... क्या कहते हैं... ॲम्ब्युलन्ससारखे आहेत.”

“तुला कळत नाही,” पद्माकरराव म्हणाले आणि टॉर्च खणात टाकून मोकळे झाले.

तो खणातून बाहेर काढला विनयाबाईंनी. पलंगाच्या बॉक्समध्ये तळाशी गेलेली एक साडी त्यांना हवी होती, आणि हाताला आला तो टॉर्च घेऊन त्या आत वाकल्या. थोड्या वेळाने बेडरूममधून हाक आली. साधी हाक नव्हती. तिच्यात चोरी सापडल्याचा सूर होता.

पद्माकरराव गेले. पलंगावर वांगी रंगाची साडी आणि तिच्यावरचा ब्लाउज शेजारी शेजारी मांडले होते. विनयाबाईंनी त्यांच्यावर टॉर्च धरला.

“बघा.”

“बघितलं.”

“काय दिसतं?”

“साडी.”

“अहो, साडी वांगी आहे आणि ब्लाउज चक्क चॉकलेटी आहे! घरातल्या ट्यूबखाली दोन्ही एकच वाटायचे. सहा वर्षं मी हे घालून लग्नांना गेले, आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?”

पद्माकररावांनी दोन्ही कापडं जवळ घेऊन पाहिली. मग लांब धरली. त्यांना दोन्ही चॉकलेटी दिसत होती. “सारखेच तर आहेत,” ते म्हणाले.

“नवऱ्याला काय विचारायचं!” विनयाबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि टॉर्च पर्समध्ये टाकला. त्यानंतर तो खणात परत गेला नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या नवऱ्याला घेऊन सेक्टरच्या मार्केटातल्या मॅचिंगच्या दुकानात गेल्या. गल्ल्यावर पप्पीजी नावाचे गोल, हसरे गृहस्थ बसत. वांगी साडीचा पदर काउंटरवर पसरताच त्यांनी मागे न बघताच एक ठाण खाली ओढलं.

“ये लो भाभीजी, वाइन. सेम टू सेम.”

विनयाबाईंनी पर्समधून टॉर्च काढला आणि ठाणावर उजेड टाकला. “ये ब्राउन है.”

“वाइन है जी. पंद्रह साल से बेच रहा हूँ.”

“देखिए तो.”

पप्पीजींनी पाहिलं. हसू जरा ओसरलं. त्यांनी दुसरं ठाण ओढलं, तेही तपकिरी निघालं. शेजारी गुलाबी अस्तर घेणाऱ्या दोन बायका जवळ सरकल्या. एकीने आपलं कापड त्या उजेडात धरून बघितलं आणि “हाय राम” म्हणून पप्पीजींकडे रोखून पाहिलं.

“भाभीजी, दुकान में अपनी लाइट अलाउड नहीं है,” पप्पीजी घाईघाईने म्हणाले. पण तोवर टॉर्च त्यांच्याच हातात आला होता आणि ते स्वतःच्या मांडणीवरून तो फिरवत होते. वाइनच्या खणात तीन ठाणं तपकिरी, नेव्हीच्या खणात दोन काळी. पंधरा वर्षांचा संसार ट्यूबच्या उजेडात मांडला होता माणसाने. “कमाल की लाइट है, सर,” ते हळूच म्हणाले. “सफ़ेद, एकदम दिन जैसी. आपने बनाई?”

पद्माकररावांना वाटलं, दुकानदार माणूस, पिवळ्यालाही पांढरं म्हणायची त्याला सवयच असणार. “बनाई तो मैंने,” ते संकोचून म्हणाले, “पर इसका थ्रो नहीं है. दूर तक नहीं जाती.”

“दूर जाके क्या करना है जी? कपड़ा तो हाथ में है.”

पद्माकररावांनी टॉर्च परत घेऊन विनयाबाईंच्या हातात दिला. पण पप्पीजींचा प्रश्न रिक्षातून त्यांच्यासोबत घरी आला.

त्या आठवड्यात मराठी मंडळात या टॉर्चची बातमी फिरली. अलका बर्वे म्हणजे मंडळाच्या कार्यवाह आणि विनयाबाईंची जुनी मैत्रीण. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पुढच्या रविवारी पाच जणी मिळून चांदनी चौकात साड्यांच्या खरेदीला जाणार होत्या. विनयाबाईंनी फोनवर त्यांना काहीतरी कबूल केलं आणि फोन ठेवून बाल्कनीच्या दारात आल्या.

“पाच टॉर्च लागतील. माझ्यासारखे. शनिवारपर्यंत.”

“पाच? मी कापड बघायचे टॉर्च बनवत नाही.”

“का?”

पद्माकररावांनी अभिमानाने कारण द्यायला तोंड उघडलं, पण पप्पीजींचा प्रश्न मध्ये आडवा आला. “बरं,” ते म्हणाले. “चिप नऊ उरल्यात. होतील.”

सोमवारी पहिली चिप उलटी लागली आणि वीज देताच डोळा मिटल्यासारखी गेली. मंगळवारी दुसरी चिमट्यातून उडाली. कोथिंबिरीच्या कुंडीत पडली की मशीनखाली गेली, हे कळायला मार्ग नव्हता. पद्माकरराव अर्धा तास कुंडी उकरत होते, आणि शिवांगीने विचारलं तेव्हा “खत घालतोय” म्हणाले. बुधवारी तिसरी तव्यावर जास्त वेळ राहून करपली. गुरुवारी त्यांनी हात लावायचं टाळलं. शुक्रवारी चौथी सरळ लागली असं त्यांना वाटलं, भिंगातून दोनदा तपासलंही, पण पेटली नाही. आता बरोबर पाच उरल्या. नव्या मागवायच्या तर आठ-दहा दिवस. जेवताना विनयाबाईंनी विचारलं, “कुठवर आलं?”

“चाललंय,” ते म्हणाले, आणि भाजीत मीठ कमी असल्याचं उगाच सांगितलं.

शनिवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, ते चहाच्याही आधी टेबलाशी बसले. तवा विजेच्या शेगडीवर, चकती तव्यावर, भिंग नाकाला टेकलेलं. चिमट्यातल्या चिपशी ते बोलत होते. “बस बाई आता. नीट बस. आज तरी इज्जत ठेव.”

“अहो, ती टिकली उलटी आहे.”

विनयाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या.

“कोणती?”

“चिमट्यातली. तिची हिरवी खूण तिकडे आहे आणि चकतीवरची इकडे.”

पद्माकररावांनी हात खाली घेतला. “एवढ्या लांबून तुला दिसलं?”

“एवढ्या जवळून तुम्हाला दिसलं नाही?”

त्याचं उत्तर बाल्कनीतल्या प्रत्येक वस्तूवर लिहिलेलं होतं. दोन भिंगं, दोन टेबल दिवे आणि डबीत जमलेल्या मेलेल्या चिप. विनयाबाईंनी कप ठेवले. त्या आत जाऊन वांगी साडी आणि तो ब्लाउज घेऊन आल्या, आणि बाल्कनीच्या काचेतून येणाऱ्या स्वच्छ उन्हात दोन्ही समोर धरले.

“साडी कुठली?”

पद्माकररावांनी डावीकडे बोट केलं. विनयाबाईंनी कापडं पाठीमागे नेऊन अदलाबदल केली, पुन्हा धरली. “आता?” उजवीकडे. पुन्हा. “आता?” पुन्हा उजवीकडे. तीनदा विचारलं, दोनदा चुकलं. आणि जे एकदा बरोबर आलं, ते अंदाजाने होतं हे त्या दोघांनाही कळलं.

“कधीपासून?” त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

“मला वाटलं सोल्डरच खराब आहे,” पद्माकरराव म्हणाले. त्यांचा आवाज शाळेत पाटी फुटलेल्या मुलासारखा झाला होता. “हात तर माझा अजून थरथरत नाही, विनया. हात चांगला आहे.”

“हाताला कोण नावं ठेवतंय? सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि आता उठा.”

“कशाला?”

“मला बसू द्या. पाच जणींना कबूल केलंय मी.”

मंडळाच्या नाटकांना लागणाऱ्या मोत्यांच्या नथी गेली वीस वर्षं विनयाबाई ओवत होत्या. मोहरीएवढ्या मोत्याच्या भोकातून तार घालायला लागणारा संयम त्यांच्या बोटांत कधीच मुरला होता. त्यांनी चिमटा दोनदा उघडून मिटून पाहिला, तो कडक आहे म्हणाल्या आणि नथीच्या डब्यातला स्वतःचा घेऊन आल्या. पद्माकरराव शेजारी स्टुलावर बसले. जन्मात पहिल्यांदा ते या टेबलाच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला होते.

“पेस्ट जास्त नको. तिळाएवढी.”

“हं.”

“खुणेवर खूण. आता दाबू नकोस, नुसती ठेव. शेगडी मंद.”

“नुसती ठेवली तर तिरकी राहील ना?”

“बघ तू.”

तवा तापला. करडी पेस्ट आधी ओलसर झाली, मग अचानक चांदीसारखी चकाकली, आणि तिरकी ठेवलेली चिप तरंगल्यासारखी हलून, स्वतःहून सरळ होऊन, बरोबर आपल्या जागी बसली.

“अगंबाई!” विनयाबाई जवळजवळ ओरडल्या. “स्वतःच सरकली! पाहिलंत?”

पद्माकररावांना ते आता दिसत नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिसलं होतं, तेव्हा तेही असेच ओरडले होते, आणि ऐकायला बाल्कनीत कोणी नव्हतं. “तेवढ्यासाठीच तर मी हे करतो,” ते म्हणाले.

“मग इतक्या दिवसांत मला दाखवलं का नाही?”

“तू तव्यावरून रागावली होतीस.”

पुढच्या चार चिप विनयाबाईंनी एकही न बिघडवता बसवल्या. तारा आणि स्प्रिंगा पद्माकररावांनी हाताच्या अंदाजाने केल्या आणि विनयाबाईंनी तपासल्या. चौथ्या टॉर्चच्या वेळेला त्या त्यांना सूचना देऊ लागल्या होत्या. संध्याकाळी पाच टॉर्च रांगेत उभे राहिले आणि रविवारी पाच जणी ते घेऊन चांदनी चौकात गेल्या. तिथे काय झालं, हे पद्माकररावांना तुकड्या-तुकड्यांनी कळलं. एका दुकानदाराने म्हणे त्यांना आयकरवाल्या समजून आधी चहा मागवला.

सोमवारी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकून यंत्रातून पाहिलं.

“दोनों आँखों में मोतियाबिंद है, अंकल. दाहिनी में काफ़ी पका हुआ. कब से लाइट कम लग रही थी?”

“लाइट कम नहीं लगती थी,” पद्माकरराव म्हणाले. “मैं बढ़ाता जा रहा था.”

डॉक्टरीणबाई हसल्या. पद्माकरराव मात्र परतीच्या वाटेवर एकच हिशेब मांडत होते. दोन वर्षं आपण उजेडाचा पाठलाग करत होतो तो शौक म्हणून, की दिसत नव्हतं म्हणून? बराच विचार करून त्यांनी ठरवलं, की निम्मा-निम्मा. विनयाबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “निम्मा शौक पुष्कळ झाला. उतरा, आपला स्टॉप आला.”

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पंधरा मिनिटांत झालं. डावा महिन्याने करायचा होता. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि पद्माकरराव दवाखान्याच्या व्हरांड्यात थबकून उभे राहिले. समोर पांढरी भिंत होती. उजव्या डोळ्याने ती पांढरी दिसत होती. त्यांनी उजवा मिटून डावा उघडला. भिंत हळदीच्या दुधाची झाली. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. एकाच माणसाला आता दोन वेगवेगळे टॉर्च बसले होते.

मग हे त्यांना सुटेचना. दिसेल त्या वस्तूकडे आधी एका डोळ्याने बघायचं, मग दुसऱ्याने. दूधवाल्याच्या पिशव्या, रस्त्यावरच्या डीटीसीच्या बस, गेटवरच्या पहारेकऱ्याचा शर्ट. पहारेकरी सज्जन, त्याने उलट सलाम केला. आठवड्याने ते ऑफिसात जाऊ लागले. लिफ्टमध्ये डेप्युटी सेक्रेटरी मॅडम निळ्या साडीत उभ्या होत्या. निळा! हा रंग तर त्यांच्या आयुष्यातून केव्हा उठून गेला होता, त्यांना कळलंही नव्हतं. त्यांनी डावा डोळा मिटला. मग उजवा. मग खात्रीसाठी पुन्हा डावा.

“गुंजाळजी,” मॅडम थंडपणे म्हणाल्या, “तबीयत ठीक है?”

ऑपरेशनची हकिकत त्यांनी सहा मजले जाईपर्यंत सांगितली, आणि घाबरून नको तितकी सविस्तर सांगितली. संध्याकाळी घरी पोचले, तर अलकाताई पेढे घेऊन आभार मानायला आलेल्या. “भाऊजी, तुमच्या टॉर्चनी लाज राखली हो!” असं म्हणत त्या पुढे आल्या. त्यांच्या अंगावर मोरपंखी साडी होती. पद्माकररावांनी पेढा घेतला, साडीकडे पाहिलं आणि एक डोळा बंद केला.

अलकाताई जागच्या जागी थांबल्या. पद्माकररावांनी दुसरा बंद केला.

“अलका, त्यांचं ऑपरेशन झालंय!” विनयाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “ते रंग बघतायत. तुझ्याकडे नाही, साडीकडे!”

“अच्छा, साडीकडे,” अलकाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात सुटकेबरोबर किंचित निराशाही होती, असं शिवांगीने नंतर बराच वेळ हसत सांगितलं.

खरा धक्का अजून बाकी होता. त्या रात्रीच्या जेवणाआधी पद्माकररावांनी आपले आवडते, निवडक टॉर्च काढून बाल्कनीच्या भिंतीवर एकेक मारले. नव्या डोळ्याने. पहिला निळा. दुसरा निळा, कडेला जांभळट. तिसरा, ज्याला ते ‘शुद्ध चांदणं’ म्हणत आणि पाहुण्यांना आग्रहाने दाखवत, तो तर ॲम्ब्युलन्सच्या टपावर शोभला असता. भिंतीवर लावलेली विनयाबाईंची लाल पिशवी त्या उजेडात मेलेल्या उंदरासारखी दिसत होती.

“शिवांगी!” त्यांनी हाक मारली. “हे सगळे पहिल्यापासून असेच होते?”

“बाबा, मी कब से सांगत होते!”

“आणि तुम्ही सगळे गप्प बसलात?”

“आम्ही बोललो होतो,” विनयाबाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, तुम्हाला कळत नाही.”

पद्माकररावांनी ‘शुद्ध चांदणं’ पुन्हा एकदा भिंतीवर मारून पाहिलं. मग त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि डॉक्टरांनी डोळ्यांवर ताण नको सांगितलं होतं तरी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन वर्षांची कमाई निळी निघाली होती, आणि तरी त्यांना हलकं वाटत होतं. सगळे टॉर्च पुन्हा उघडायचे होते. इतकं काम पुढ्यात पडलेलं त्यांनी ऑफिसात कधी आनंदाने पाहिलं नव्हतं.

त्यांनी हळदीच्या दुधाच्या चाळीस चिप मागवल्या. टेबलाला दुसरी खुर्ची आली. चिप विनयाबाईंनी बसवायच्या आणि बाकी काम पद्माकररावांनी करायचं, असं ठरलं. पण डावा डोळाही झाल्यावर पद्माकररावांना स्वतः चिप बसवावीशी वाटू लागली आणि विनयाबाई जागा सोडेनात. शेवटी एक त्यांनी, एक ह्यांनी असा तह झाला. भांडण आता आच किती ठेवायची यावरून होतं, आणि ते दोघांनाही प्रिय होतं.

अलकाताईंच्या घरचं लग्न जवळ आलं तेव्हा विनयाबाई म्हणाल्या, “मलाही एक साडी घ्यायची राहिली आहे. येता का?” पूर्वी असा प्रश्न आला की पद्माकररावांना ऑफिसात मीटिंग निघायची. या वेळी ते चपला घालून आधी दारात जाऊन उभे राहिले.

चांदनी चौकातल्या एका दुकानात विनयाबाईंनी नेहमीप्रमाणे शांत रंग काढायला सांगितले. राखाडी, फिका बदामी. पद्माकरराव गादीवर मांडी घालून बसले होते. मांडणीतल्या एका घडीकडे त्यांनी बोट केलं.

“वो दिखाइए.”

दुकानदाराने साडी झटकून उलगडली. पोपटी, ताज्या मटारच्या दाण्यासारखी, आणि तिला डाळिंबी काठ.

“अहो, वेड लागलंय का? चोपन्न वर्षांची आहे मी. हा काय रंग आहे?”

“हेच तर मी म्हणतोय,” पद्माकरराव म्हणाले. ते दोन्ही डोळे पूर्ण उघडे ठेवून बघत होते. “हा काय रंग आहे! इतकी वर्षं हा कुठे होता?”

विनयाबाईंनी साडीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. साडी त्यांना मुळीच आवडली नव्हती. त्यांनी राखाडी घडी बाजूला सारली आणि दुकानदाराला म्हणाल्या, “यही पैक कर दीजिए.”

लग्न नोएडाच्या एका लॉनवर झालं, सकाळच्या मुहूर्ताने. तीन-चारशे माणसं होती. दिल्लीतले मराठी आणि मुलाकडचे पंजाबी असा गोंधळ, सनईच्या डोक्यावर ढोल आणि जेवणाच्या रांगेत पुरणपोळीशेजारी छोले. कोणाची आई हरवली होती, कोणाचे काका सापडत नव्हते, लोक फोन कानाला लावून एकमेकांना मंडपाचे खांब मोजून दाखवत होते. पद्माकरराव मठ्ठ्याचा पेला घेऊन एका झाडाखाली उभे होते. पोपटी साडीतली बायको त्यांना शोधावी लागली नाही.